अंजनाबाईंना कोणी शिकवलं

नागपूरला पुतण्याच्या लग्नात अंजनाबाई पंगतीत खाली बसल्या आणि जेवण आटोपल्यावर त्यांना उठता येईना. एक हात जमिनीवर टेकला, दुसऱ्याने शेजारच्या बाईचा खांदा धरला, तरी अंग उचललं जाईना. शेवटी वाढणाऱ्या दोन पोट्ट्यांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. कोणी हसलं नाही, पण आजूबाजूचं बोलणं थांबलं होतं आणि सगळे पाहत होते. रायपूरला परतल्यावर त्यांनी बुद्धविहारात जाणं सोडलं, कारण तिथे सतरंजीवर बसावं लागायचं. कोणी विचारलं तर घरी काम असतं म्हणायच्या.

त्यांची मुलगी चेतना तेलीबांधा भागातल्या एका जिममध्ये बायकांची बॅच घ्यायची. शाळा-कॉलेजात तिने वेटलिफ्टिंग केलं होतं, राज्य पातळीपर्यंत गेली होती. मग मनगट दुखावलं आणि स्पर्धा सुटल्या. वडील हरिदास सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात होते. निवृत्तीनंतर थोड्याच काळात ते छातीच्या आजाराने गेले. भाऊ संघर्ष भिलाईला, त्याचा संसार तिकडे. रायपूरला गुढियारीतल्या घरात दोघी मायलेकीच होत्या. आई अंगणवाडीतून निवृत्त झालेली, दिवसभर घरात एकटी.

पंगतीतला तो प्रसंग चेतनाने पाहिला होता. त्यावर ती आईशी काहीच बोलली नाही. एका दुपारी जिम रिकामी असताना ती आईला स्कूटीवर बसवून घेऊन गेली, एक उंच स्टूल समोर ठेवलं आणि त्यावर बसून हात न टेकता उठायला सांगितलं. अंजनाबाई उठल्या. दुसऱ्या आठवड्यात स्टूल थोडं बुटकं झालं. मग स्टूल गेलं, खांद्यावर झाडूची दांडी आली, आणि बऱ्याच दिवसांनी नुसता लोखंडी बार. साडीत हे जमेना म्हणून दोघींनी गोल बाजारातून सलवारी आणल्या. त्या घालून घराबाहेर पडताना सुरुवातीला अंजनाबाई वरून शाल गुंडाळायच्या, भर उन्हातसुद्धा.

खाली जाताना त्यांचे गुडघे आत यायचे आणि छाती पुढे कलायची. पुस्तकातले शब्द त्यांना सांगून उपयोग नव्हता. चेतनाने आपले शब्द काढले. "आई, पाटावर बस. मागं पाट ठेवला हाय अन् पाय पसरून त्याच्यावर बसायचं." हे अंजनाबाईंना लगेच कळलं. वर येताना त्या दम सोडून द्यायच्या, त्याला चेतना म्हणायची, "भरलेली घागर उचलतेस तसा श्वास धर." तेही कळलं.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला अंजनाबाई विहारात गेल्या, सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसल्या आणि वंदना झाल्यावर कुणाचा हात न धरता उठल्या. घरी येऊन त्यांनी हरिदासांच्या फोटोपुढे उभं राहून ते त्यांना सांगितलं. चेतना स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिने ऐकलं, पण बाहेर आली नाही. आईचं बोलणं पूर्ण होऊ दिलं.

वजनं उचलायला शिकवण्याच्या, म्हणजे बारबेल कोचिंगच्या प्रमाणपत्राची परीक्षा द्यायचं तिने त्यानंतर ठरवलं. जिमचे मालक निरंजन भैया तिच्या कामावर खूश असायचे, पण लोक दारातच विचारायचे की कोचकडे सर्टिफिकेट आहे का. ते ज्यांच्याकडे होतं त्या मुलांना वजनांचा विभाग मिळायचा आणि चेतनाकडे बायकांच्या बॅचबरोबर झुम्ब्याच्या गाण्यांची देखरेख यायची. ही परीक्षा अवघड म्हणून नाव कमावलेली होती. बसणाऱ्यांपैकी बहुतेक नापास व्हायचे. उमेदवाराला आधी स्वतः वजनं उचलून दाखवायची, मग लेखी पेपर, आणि सगळ्यात मोठा भाग शिकवण्याचा. तिथे एक अनोळखी माणूस समोर उभा करायचे आणि त्याची चूक तिथल्या तिथे ओळखून दुरुस्त करायला सांगायचे. शिवाय प्रत्येकाने आपला एक ट्रेनी आणायचा, ज्याने आधी कधी बार हातात धरला नव्हता आणि ज्याला त्या उमेदवारानेच शिकवलंय. एक ट्रेनी एकाच उमेदवाराचा, असा नियम होता.

तिच्याबरोबर परीक्षेला बसणार होती स्नेहल. रेल्वे कॉलनीतल्या, ओळखीच्या रामकृष्ण काकांची ही मुलगी जिममध्ये रिसेप्शनवर लागली होती. मोकळ्या वेळात ती चेतनाला शिकवताना पाहायची. एक दिवस म्हणाली, दीदी, मुझे भी सिखाओ. तिच्या घरी मराठी बोलायचे, तिला सगळी समजायची, पण तोंडात हिंदीच यायची. चेतनाने तिला पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं. बार कसा धरायचा, पाय कुठे ठेवायचे इथपासून. आता परीक्षेच्या तयारीत दोघींची अशी वाटणी झाली की इंग्रजी पुस्तकं स्नेहल वाचून हिंदीत समजावायची आणि बारखालचं काम चेतना तिला शिकवायची. संध्याकाळची बॅच संपली की दोघी तेलीबांध्याच्या तलावाच्या काठाने फेऱ्या मारत एकमेकींना प्रश्न विचारायच्या. मांडीच्या मागचा स्नायू कुठून कुठे जातो, डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलताना, पाठ गोल झाली तर आधी काय सांगशील. चुकलं की भुट्टा खाऊ घालायचा. चेतनाचं इंग्रजी कच्चं होतं, त्यामुळे भुट्टे बहुतेक तिलाच घ्यावे लागायचे.

स्नेहल त्यांच्या घरचीच झाली होती. अंजनाबाई तिच्यासाठी तांदळाच्या पिठाचा फरा बाजूला काढून ठेवायच्या. ती काकू, काकू करत त्यांच्या मागेमागे फिरायची, त्यांच्या डोक्याला तेल लावून द्यायची. चेतना कामाची माणूस होती. घरी आली की दमलेली असायची. बडबड स्नेहलच करायची.

पावसाळा सरता सरता जिममध्ये एक कार्यशाळा झाली. बंगळुरूच्या एका मोठ्या केंद्राची प्रमुख आली होती. तिने चेतनाला आईच्या वयाच्या बायकांना शिकवताना पाहिलं आणि जाताना बाजूला घेऊन सांगितलं, हे प्रमाणपत्र मिळव आणि सरळ माझ्याकडे ये, वयस्कर लोकांचा विभाग मला तुझ्यासारख्या कुणालातरी द्यायचाय. या वर्षीच्या परीक्षेतून एक माणूस घ्यायचंच आहे, असंही ती म्हणाली.

चेतनाने हे फक्त स्नेहलला सांगितलं. आईला परीक्षा झाल्यावर सांगायचं तिच्या मनात होतं. पास झालेच नाही तर उगाच तिच्या जिवाला घोर कशाला, असा तिचा विचार. बंगळुरूला तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर कुठे मिळेल, जवळ विहार आहे का, हे ती फोनवर शोधत होती. आईला मागे ठेवून जायचा विचार तिने कधी केलाच नव्हता. पण हे दुसरं ती स्नेहललाही बोलली नाही. ते इतकं उघड होतं की बोलायचं तिला सुचलं नाही.

स्नेहलची ट्रेनी तिची मामेबहीण क्षमा होती. क्षमाचं कसं चाललंय असं चेतना विचारायची तेव्हा स्नेहल सांगायची, अच्छा चल रहा है, थोड़ा घुटना अंदर आता है बस. एकदा चेतना म्हणाली, घेऊन ये, मी बघून देते. स्नेहलने हो म्हटलं, आणि मग कॉलेजचे पेपर, मग मामीची तब्येत, असं काही ना काही निघत गेलं.

परीक्षा डिसेंबरात रायपुरातच होती, नव्या रायपूरच्या रस्त्यावरच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये. त्या सकाळी चेतना उठली तेव्हा अंजनाबाईंनी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावलेली होती आणि पोहे तयार होते. उमेदवारांना लवकर पोचायचं होतं, ट्रेनींना नंतर. अंजनाबाई म्हणाल्या, थंडीत स्कूटीवर गुडघे धरतात, तू हो पुढं, मी स्नेहलसंग ऑटोनं येते. चेतनाला ते बरंच वाटलं. तिने आईचे बूट पिशवीत भरून दाराशी ठेवले आणि निघाली.

आपली वजनं तिने स्वच्छ उचलली. पेपर अडखळत का होईना पुरा केला. अनोळखी म्हणून तिच्यासमोर एक उंच, किडकिडीत मुलगा आला. बार उचलताना तो टाचा उचलत होता. तिने दोनच शब्द सांगितले आणि त्याच्या टाचा जमिनीवर राहिल्या. परीक्षक दोघं होते, एक पुरुष आणि एक हैदराबादहून आलेल्या बाई. बाई मान हलवून पुढे गेल्या. चेतनाला वाटलं, होतंय. आता फक्त आई उरली. आईचं तर झोपेत झालं असतं.

ट्रेनींचा भाग सुरू झाला. एकेक उमेदवार आणि त्याचा ट्रेनी मधल्या प्लॅटफॉर्मवर यायचे, बाकीचे भिंतीलगत बाकांवर बसायचे. स्नेहलचं नाव चेतनाच्या आधी पुकारलं गेलं. चेतनाने टाळी वाजवायला हात वर केले. तेवढ्यात बाजूच्या दारातून स्नेहल आत आली आणि तिच्या मागून अंजनाबाई.

सलवार, वर बिनबाह्यांचा स्वेटर, पायात ते बूट. चेतनाला आधी वाटलं की आई चुकून आत आलीय, क्षमा येईल मागून. मग आई बार ठेवलेल्या रॅकपाशी जाऊन बारखाली उभी राहिली, दोन्ही हातांनी बार धरला, आणि चेतनाला कळलं की काहीही चुकून झालेलं नाही.

"काकू, पाटावर बसा," स्नेहल म्हणाली. मराठीत. "पाय पसरून. पाट मागं हाय."

अंजनाबाई खाली गेल्या. खोल, सरळ, गुडघे बाहेर.

"घागर उचलताना श्वास धरता ना, तसा."

त्या वर आल्या. परत खाली, परत वर. परीक्षक पुढे सरकून पाहत होते. इतकी वयस्कर ट्रेनी त्या दिवशी दुसऱ्या कुणाची नव्हती. बाकावर चेतनाच्या शेजारी बसलेला मुलगा हळूच म्हणाला, क्या बात है. चेतनाचे हात मांडीवर पडले होते. तिचे शब्द तिच्याच आईला दुसरी कुणी सांगत होती. आणि आईच्या हालचालीत किंचितही गोंधळ नव्हता. नवीन माणसाच्या आवाजाला ती अडखळत नव्हती, म्हणजे तो आवाज तिच्या सवयीचा होता. या दोघींनी सराव केला होता.

बार रॅकवर ठेवला गेला. हैदराबादच्या बाई अंजनाबाईंजवळ गेल्या आणि प्रत्येक ट्रेनीला विचारत होत्या तोच प्रश्न त्यांनी विचारला.

"माताजी, आपको यह सब किसने सिखाया?"

अंजनाबाईंची नजर एकदा बाकांकडे गेली. चेतना कुठे बसलीय हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी खाली, बुटांकडे पाहिलं.

"स्नेहल बेटी ने," त्या म्हणाल्या.

बाईंनी शाबासकी दिली, अंजनाबाईंचा हात हातात घेतला. स्नेहल एकदाही बाकांकडे वळली नाही. दोघी बाजूच्या दाराने बाहेर गेल्या.

पुढचं नाव चेतनाचं होतं. ती उठून प्लॅटफॉर्मवर गेली. बाईंनी विचारलं, आपकी ट्रेनी? चेतनाला फक्त एवढंच म्हणायचं होतं की आत्ता गेली ती माझी. नाव सांगितलं असतं, आधार कार्ड दाखवलं असतं, फोनमधले किती तरी व्हिडिओ होते. पण मग त्यांनी आईला परत आत बोलावलं असतं. परत तोच प्रश्न विचारला असता, आता सगळ्यांसमोर, दोघींना समोरासमोर उभं करून. आई खोटं बोलली असं तिला दहा परक्या माणसांत सिद्ध करावं लागलं असतं. किंवा आई परत तेच म्हणाली असती. या दुसऱ्या गोष्टीची चेतनाला जास्त भीती वाटली.

"मेरी ट्रेनी नहीं आई," ती म्हणाली.

बाईंना वाईट वाटलेलं दिसलं. त्या म्हणाल्या की बाकी सगळं उत्तम झालंय, पण ट्रेनीशिवाय हा भाग शून्य धरावा लागतो आणि एका भागात शून्य म्हणजे पुढच्या वर्षी पूर्ण परीक्षा परत. चेतनाने मान हलवली, आपली बॅग उचलली आणि निकाल ऐकायला न थांबता बाहेर आली. तलावापर्यंत ती स्कूटी चालवत आली आणि तिथे बराच वेळ उतरलीच नाही, नुसती सीटवर बसून राहिली. हेल्मेटही काढलं नव्हतं. शेवटी फुगेवाल्याने विचारलं, दीदी, तबीयत ठीक है ना, तेव्हा ती घरी गेली.

अंजनाबाई आधीच आल्या होत्या. भात टाकला होता. सलवार बदलून साडी नेसल्या होत्या. चेतनाने बॅग ठेवली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"काहून केलं, आई?"

अंजनाबाईंनी गॅस बारीक केला. 

"तू बंगलोरले चालली होती," त्या म्हणाल्या. "मले सांगतलंही नाही."

मग तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं. दिवाळीनंतर एका सकाळी, चेतना बॅचला गेलेली असताना, स्नेहल घरी आली होती. आधी रडली. क्षमाने कधीच सोडून दिलं होतं, तिच्याकडे ट्रेनी नव्हती. मग तिने सांगितलं की दीदी पास झाली की बंगळुरूला जाणार आहे, नोकरी ठरलीय, तुम्हाला संघर्ष दादाकडे भिलाईला ठेवणार असेल. भिलाईचं नाव ऐकलं आणि अंजनाबाईंचं मन खचलं. सून चांगली होती, पण तिच्या घरी त्या पाहुण्यासारख्या राहायच्या, पाणीसुद्धा विचारून घ्यायच्या. स्नेहल म्हणाली, तुम्ही माझ्याबरोबर उभ्या राहिलात तर माझं काम होईल आणि दीदीही इथेच राहील. पुढच्या वर्षी देईल की ती, तिला काय अवघड आहे. त्यानंतर रोज सकाळी चेतना गेली की स्नेहल यायची आणि या खोलीत, टीव्हीसमोर, झाडूची दांडी खांद्यावर ठेवून दोघी सराव करायच्या.

"रोज?" चेतनाने विचारलं.

"रोज."

"अन् संध्याकाळी मी आली का तू मले विचारायची, तयारी कशी चालू हाय."

अंजनाबाईंनी भाताचं शीत दाबून पाहिलं.

"मी तुले घेऊन जाणार होते, आई. घर पाहून राहिली होती. तळमजल्याचं."

अंजनाबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांचा चेहरा आधी काही न समजल्यासारखा झाला, मग समजल्यासारखा. "मंग सांगतलं काहून नाही मले?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग होता, जणू काही घडलं ते या न सांगण्यानेच घडलं.

चेतनाकडे याचं उत्तर होतं, पण ते देण्यात तिला अर्थ वाटला नाही. न सांगणं आणि रोज सकाळी दार लावून सराव करणं या दोन गोष्टी आईला सारख्याच वाटत असतील तर तिला कसं समजावणार. त्या दिवशी ती जेवली नाही. आईने ताट झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो भात कढईत परतून स्वतः खाल्ला.

स्नेहल पास झाली. ती आठवडाभर जिममध्ये आली नाही. मग एका दुपारी राजीनामा द्यायला आली तेव्हा चेतना एकटीच होती, वजनांच्या प्लेटा जागेवर लावत होती. स्नेहल थोडं अंतर ठेवून उभी राहिली. चेतनाने मागे वळून न पाहता प्लेटा लावणं चालू ठेवलं. शेवटी स्नेहलच बोलली. ती म्हणाली की घरी तिचं लग्न ठरवत आहेत, उन्हाळ्यात नक्की करणार आहेत. या वर्षी बाहेर पडली नसती तर कधीच पडली नसती.

"आपके पास अगला साल था, दीदी. मेरे पास नहीं था."

"मले विचारलं असतं तर?"

"आप काकू को दे देतीं मुझे?"

चेतनाने हातातली प्लेट खाली ठेवली. तिला माहीत होतं की दिली नसती. पण क्षमासाठी धावपळ केली असती, दुसरी कुणी बाई शोधून तिला महिन्याभरात तयार केली असती. हे सगळं स्नेहललाही माहीत असणार. 

"तू आईले भिलाईचं सांगितलं," ती एवढंच म्हणाली. "ते मी तुले कधी बोलली होती?"

 स्नेहलने रिसेप्शनच्या खणातून आपली पाण्याची बाटली आणि कंगवा घेतला आणि निघून गेली. बंगळुरूची जागा तिलाच मिळाली, वयस्कर लोकांच्या विभागाची.

निरंजन भैयांनी तक्रार करायला सांगितलं. त्यांनी स्वतः अंजनाबाईंना वर्षभर जिममध्ये चेतनाकडून शिकताना पाहिलं होतं, ते लेखी द्यायला तयार होते. संघर्षही भिलाईहून फोनवर तेच म्हणाला, आणि वर आईवर इतका भडकला की चेतनालाच त्याला आवरावं लागलं. तिने तक्रार केली नाही. का नाही हे कुणाला समजावून सांगितलं नाही. आईला खोटं ठरवून मिळालेलं प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं आणि त्याच घरात आईबरोबर जेवायचं, हे तिला डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात परीक्षा नागपूरला होती. या वेळी तिने शारदाबाईंना तयार केलं. त्या तेलीबांध्याच्या एका शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायच्या-उतरवायच्या, कंबर धरून जिममध्ये आल्या होत्या. चेतनाने त्यांना नवीन शब्दांनी शिकवलं. पाट आणि घागर हे शब्द तिच्या तोंडावर यायचे आणि ती थांबायची, दुसरं काहीतरी शोधायची. शारदाबाईंना बसच्या पायऱ्या समजायच्या, वाकून बसलेल्या पोराला उचलणं समजायचं. त्यातून काम भागलं. नागपूरला शारदाबाईंना विचारलं, कोणी शिकवलं, तेव्हा त्यांनी पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट. चेतना पास झाली.

संध्याकाळच्या गाडीने ती रायपूरला आली. अंजनाबाई जाग्या होत्या, त्यांनी डाळ गरम केली, भाकरी टाकल्या. या वर्षात दोघी बोलत नव्हत्या असं नाही. भाजी काय आणायची, सिलेंडर कधी संपला, हे सगळं बोलायच्या. दुपारचा सराव मात्र कधीच बंद झाला होता. अंजनाबाईंनी एकदाच विचारलं होतं, परत येऊ का म्हणून, आणि चेतनाने सकाळच्या बॅचच्या दुसऱ्या कोचचं नाव सांगितलं होतं. त्या गेल्या नाहीत. आता खुर्चीतून उठतानाही त्या हाताचा टेका घ्यायच्या.

चेतनाने पास झाल्याचं सांगितलं. अंजनाबाईंना आनंद झाला, तो खरा होता. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. मग भाकरी ताटात वाढता वाढता विचारलं,

"आता जाशील तिकडं?"

"नाही. ती जागा भरली. इथंच वजनांचा विभाग देऊन राहिले निरंजन भैया."

"बरं झालं," अंजनाबाई म्हणाल्या.

ते तोंडातून निघून गेलं. चेतनाने घास हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. आई आता काहीतरी म्हणेल, सावरेल, निदान ओशाळेल असं तिला वाटलं. पण अंजनाबाई तव्यावरची भाकरी उलटत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेशिवाय दुसरं काही नव्हतं. वर्षभर चेतनाला वाटत आलं होतं की आई घाबरली, फसवली गेली, मनातून झुरत असेल. पण आईला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि किंमत जास्त झाली असं तिला वाटत नव्हतं.

चेतनाने जेवण पूर्ण केलं, ताट धुतलं.

महिन्याभरात तिने तेलीबांध्यात, जिमच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. आईला सांगितलं तेव्हा अंजनाबाई पहिल्यांदा खरंच रडल्या. पाच-सहा किलोमीटरवर तर आहे, चेतना म्हणाली, रोज फोन करेन. संघर्षने मध्ये पडायचा प्रयत्न केला, मग तोही थकला. मोहल्ल्यातल्या बायकांना अंजनाबाई सांगतात की पोरीची पहाटेची बॅच असते, इतक्या लांबून जायला त्रास होतो म्हणून तिकडे राहते. चेतनासमोर कुणी विचारलं तर तीही तेच सांगते.

रविवारी ती येते. येताना भाजी आणते, औषधं संपली असतील तर तीही. दुपारी आईला स्कूटीवर विहारात नेते. तिथे अंजनाबाईंसाठी आता भिंतीशी एक खुर्ची ठेवलेली असते, त्या तिच्यावर बसतात. चेतना सतरंजीवर, मागच्या रांगेत बसते. संध्याकाळच्या आत ती आईला घरी सोडते, चहा घेते आणि निघते. अंजनाबाई दारापर्यंत येतात, चौकट धरून उभ्या राहतात, आणि पुढच्या रविवारी काय करून ठेवू म्हणून विचारतात.

"काहीही कर," चेतना म्हणते, आणि स्कूटी सुरू करते.